परदेशातील मुलाखत आणि मराठी शाळेची शिदोरी
(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात ‘गेम-निर्मितीच्या क्षेत्रात परदेशी नोकरीची मुलाखत’ हा विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटेल. बीरगांवची ओळख उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींची शेजारीण अशी आहे. लोखंड वितळवणे, पट्ट्या लाटणे, माल वाहून नेणे ही येथील ओळखीची कामे. खेळ ही मुलांनी शाळा सुटल्यावर करायची गोष्ट, कमाईचे साधन नव्हे, अशीच समजूत आजवर होती. परंतु आज नववी-दहावीतील मुलगा किंवा मुलगी हातातील मोबाइलवर खेळ खेळते आणि मध्येच विचारते, हे कोण तयार करते? आपल्याला करता येईल का? या प्रश्नाला घरातून दोन शंका उत्तरादाखल येतात. हे सन्मानाचे काम आहे का, ही पहिली. आणि मराठी माध्यमातून शिकलेले मूल साहेबाच्या देशातील मुलाखतीत टिकेल का, ही दुसरी. आजचे विवेचन मुख्यतः दुसऱ्या शंकेविषयी आहे. पहिलीचे उत्तर ओघात मिळेल.

प्रथम या क्षेत्राचे स्वरूप पाहू. संगणकावरील किंवा मोबाइलवरील खेळ एकटा माणूसही घडवू शकतो. मोठ्या खेळावर शेकडो माणसे काही वर्षे राबतात. त्यात आज्ञावली लिहिणारे प्रोग्रॅमर असतात, चित्रकार व शिल्पकार असतात, पात्रांना हालचाल देणारे ॲनिमेटर असतात, ध्वनी रचणारे असतात, खेळाचे नियम व अवघडपणा ठरवणारे डिझायनर असतात, वेळापत्रक सांभाळणारे निर्माते असतात आणि चुका हुडकणारे परीक्षक असतात. महाराष्ट्रात या उद्योगाचे पाय रोवले गेले आहेत. मुंबईत १९९९ मध्ये ‘इंडियागेम्स’ सुरू झाली. पुण्यात फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संघाने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांवर उभारलेल्या त्या खेळाला त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठी असलेल्या विभागात नामांकन मिळाले. म्हणजे हे काम आपल्या माणसांच्या आवाक्यातील आहे, याचा पुरावा मागण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही.

तरीही अनेकांना परदेशी जावेसे वाटते, कारण मोठे स्टुडिओ मॉन्ट्रियल, स्टॉकहोम, वॉर्सा, हेलसिंकी, टोकियो, लॉस एंजेलिस अशा नगरांत एकवटले आहेत. तेथे पोहोचण्याची वाट मुलाखतीतून जाते आणि ती मुलाखत एका बैठकीत आटोपत नाही. तिचे टप्पे सर्वत्र जवळपास सारखे आहेत. आधी अर्ज व त्यासोबत केलेल्या कामाचा संग्रह, ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात. तो पसंत पडला तर भरती विभागातील व्यक्तीशी अर्ध्या तासाचे संभाषण. मग चाचणी : प्रोग्रॅमरला एखादा कूटप्रश्न संगणकावर सोडवायचा असतो, चित्रकाराला ठराविक शैलीत वस्तू रंगवून द्यायची असते, डिझायनरला खेळाचा एक टप्पा कागदावर मांडायचा असतो. त्यानंतर प्रत्यक्ष संघातील दोन-चार जणांशी सविस्तर चर्चा. शेवटी पगाराचे बोलणे, जुन्या वरिष्ठांकडे चौकशी आणि व्हिसा. हे सारे महिना-दोन महिने, कधी त्याहून अधिक काळ चालते. आरंभीचे टप्पे व्हिडिओवरच होतात. मॉन्ट्रियलमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा बीरगांवात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात, कारण तेथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्याने उमेदवार तासभर उशिरा हजर होऊ शकतो. म्हणून वेळ लिहून घेताना दोन्ही ठिकाणचे तास लिहावेत आणि वीज गेली तर मोबाइलवरून बोलता येईल, अशी सोय आधीच करून ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. या सर्व टप्प्यांत प्रश्नांची रूपे बदलतात, गाभा मात्र तीनच प्रश्नांचा असतो. यात तुम्ही काय केले? तसेच का केले? आणि ते कोठे फसले? पदवी कोणत्या महाविद्यालयाची, गुण किती, या गोष्टी व्हिसाच्या कागदांत महत्त्वाच्या ठरतात. परंतु चर्चेच्या खोलीत या तीन प्रश्नांची उत्तरे उमेदवाराला तारतात किंवा बुडवतात.

पहिला प्रश्न वरवर सोपा आहे. मराठी माणसाला तो जड जातो, आणि त्याचे कारण इंग्रजी नव्हे. आपल्या सभ्य बोलण्यात कर्ता मागे ठेवण्याची रीत आहे. ‘काम झाले’, ‘सुधारणा करण्यात आली’, ‘सगळ्यांच्या सहकार्याने पार पडले’ असे आपण म्हणतो. ‘मी मी’ करणारा माणूस आपल्याकडे उथळ ठरतो. हा संस्कार चांगलाच आहे. परंतु समोरच्या परीक्षकाला एका व्यक्तीला नेमायचे असते. दहा जणांनी मिळून केलेल्या खेळातील दहावा वाटा कोणता, हे त्याला कळले नाही तर तो नेमणार कोणाला?

समजा, एखाद्या रोलिंग मिलमधील कामगाराच्या मुलीने महाविद्यालयातील तीन मैत्रिणींसह एक खेळ केला. ‘आम्ही सर्वांनी मिळून तो केला, खूप शिकायला मिळाले’ हे तिचे उत्तर खरे असले तरी रिकामे आहे. ‘आम्ही चौघी होतो. चित्रे दोघींनी काढली, ध्वनी विनामूल्य संग्रहातून घेतले. पहारेकऱ्याला खेळाडू केव्हा दिसावा, हा भाग मी लिहिला आणि साध्या मोबाइलवर खेळ अडखळत होता तो मी सुरळीत केला’ हे उत्तरही तितकेच विनम्र आहे. त्यात इतरांचे श्रेय इतरांना दिले आहे आणि स्वतःचे झाकलेले नाही. दुसऱ्याची चित्रे, दुसऱ्याची आज्ञावली किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेला भाग असेल तर तोही तसाच स्पष्ट सांगावा, कारण पुढच्या दोन प्रश्नांत उसना भाग उघडा पडतो.

दुसरा प्रश्न ‘तसेच का?’ हा आहे. येथे शाळेचे गणित कामाला येते. पहारेकऱ्याचेच उदाहरण घेऊ. तो ज्या दिशेला पाहतो ती एक सदिश राशी आणि त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारी दुसरी. या दोन सदिशांचा अदिश गुणाकार धन आला तर खेळाडू समोरच्या बाजूला आहे, शून्य आला तर अगदी काटकोनात आहे, ऋण आला तर पाठीमागे आहे. दोन्ही सदिश एकक लांबीचे असतील तर तो गुणाकार म्हणजे त्यांच्यातील कोनाची कोसाइन होय, ती ०.५ हून अधिक असेल तर खेळाडू साठ अंशांच्या आत आहे. म्हणजे १२० अंशांची दृष्टी हवी असेल तर एवढी एक तुलना पुरते, प्रत्यक्ष कोन मोजण्याचा खर्च वाचतो. हा खर्च का वाचवायचा? खेळ सेकंदाला साठ चित्रे दाखवत असेल तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात सर्व पात्रांचे सर्व हिशेब उरकावे लागतात. परीक्षकाला ऐकायची असते ती ही कारणांची साखळी. सूत्र पाठ असणारे पुष्कळ असतात. ते सूत्र येथे का वापरले आणि दुसरे का नाही, हे सांगणारे थोडे असतात. जे मूल फळ्यापुढे उभे राहून ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांनी जोडलेली पायरीवार सिद्धता आपल्या भाषेत मांडायला शिकले, त्याने या प्रश्नाची अर्धी तयारी शाळेतच केलेली असते.

तिसरा प्रश्न अपयशाचा. आपल्या घरांत अपयश लपवावे अशी शिकवण असते. लग्न जुळवताना, नोकरी मागताना उणे बाजू पुढे करायची नसते. परदेशी मुलाखतीत मात्र ‘फसलेला निर्णय सांगा’ असे सरळ विचारले जाते. तेथे ‘माझे काहीच फसले नाही’ हे उत्तर संशय निर्माण करते, कारण खेळ घडवणे म्हणजे रोज काहीतरी मोडणे आणि दुरुस्त करणे. ‘पहिल्या आवृत्तीत शत्रू फार हुशार केला, खेळून पाहणाऱ्या मुलांनी दोन मिनिटांत खेळ सोडला, मग त्यांना खेळताना पाहून वेग कमी केला’ असे नेमके सांगता आले तर उमेदवाराचे वजन वाढते. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, परंतु शोधायची झाल्यास येथून सुरुवात करीन’ असे म्हणणे कमीपणाचे नाही. थाप मारणे मात्र तेथे क्षम्य नाही.

आता भाषेची शंका. इंग्रजी लागते, हे कोणीही नाकारू नये. क्वेबेक प्रांतात फ्रेंच येत असल्यास मोठा आधार होतो, आणि जपानमधील पुष्कळ जाहिरातींत जपानी भाषापरीक्षेची दुसरी, म्हणजे ‘एन-२’ पातळी मागतात. पण रायपूर परिसरातील मराठी मूल एकभाषी कधीच नव्हते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे नागपूरहून आलेल्या रेल्वेबरोबर येथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. मातृभाषा मराठी असणाऱ्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ व समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले. आजही येथील मूल आईशी मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलते, तेही एका सकाळीत. एका भाषेतील गोष्ट दुसऱ्या भाषेतील माणसाला समजावून सांगणे हा त्याच्या दिनक्रमाचा भाग आहे. वॉर्सा किंवा स्टॉकहोमच्या स्टुडिओत परीक्षकाचीही मातृभाषा बहुधा इंग्रजी नसते; तोही शब्द शोधत बोलतो. त्याला उच्चारांची नक्कल नको असते, छोटी व स्पष्ट वाक्ये हवी असतात. तेव्हा दहावीनंतर दोन-तीन वर्षे रोज अर्धा तास आपल्याच कामाविषयी इंग्रजीत मोठ्याने बोलण्याचा सराव केला तर ही दरी बुजते. सराव न करता ‘माध्यमामुळे राहिले’ असे म्हणणे शाळेवरही अन्याय करते आणि मुलावरही.

उमेदवाराला काही हक्कही असतात आणि ते ठाऊक असले की माणूस ताठ बसतो. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आणि जर्मनीत २००६ चा समान वागणुकीचा कायदा नोकरभरतीत धर्म, वंश, लिंग, वय यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. लग्न कधी करणार, मूल कधी होणार, असा प्रश्न मुलीला आला तर ‘याचा कामाशी काय संबंध आहे, ते कळेल का?’ असे नम्रपणे विचारण्यात उद्धटपणा नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशानुसार उमेदवाराला पगाराची मर्यादा आधी सांगावी लागते आणि जुना पगार विचारता येत नाही. सदस्य देशांना तो कायद्यात उतरवण्यासाठी जून २०२६ ही मुदत दिलेली आहे. चाचणी किती तासांची, तिचा मोबदला मिळणार का, तिच्यातील काम कंपनी वापरणार का, हेही आधी विचारून घ्यावे. आणि जुन्या कंपनीचे गुप्ततेच्या कराराखालील काम नव्या कंपनीला दाखवू नये. जो जुन्याशी बेइमान झाला तो नव्याशीही होईल, एवढे परीक्षकाला कळते.

निवड झाल्यावर व्हिसाचा डोंगर उभा राहतो आणि तो प्रत्येक देशात वेगळा आहे. कॅनडाने २०१७ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी जलद योजना आणली आणि तिच्या यादीत संगणक-प्रोग्रॅमरांच्या जोडीने संवादी माध्यमे घडवणारेही घातले. जर्मनीने १ जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी येऊ देणारे ‘संधीपत्र’ सुरू केले. अमेरिकेत एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ८५,००० असल्याने मागणी वाढताच सोडत निघते. तेथे उत्तम मुलाखत देऊनही नशिबाची साथ लागते. देश निवडताना पगाराच्या आकड्याआधी हा रस्ता पाहावा.

येथेच पालकांनी सावध राहायचे आहे. खरी कंपनी मुलाखतीसाठी, चाचणीसाठी किंवा नेमणूकपत्रासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा मध्यस्थ भारतीय कायद्यानुसार नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये याच मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता की, थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील चांगल्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते आणि तेथे अडकवून ठेवले जाते. अलीकडे चाचणीची फाइल म्हणून घातक प्रोग्रॅम पाठवून संगणकातील माहिती चोरण्याचेही प्रकार उघड झाले आहेत. पाहुण्यांपैकी कोणी ‘ओळखीने काम होईल’ म्हटले तरी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर चौकशी केल्याशिवाय जमीन गहाण ठेवू नये, दागिना मोडू नये.

आणखी एक गोष्ट स्वप्नाच्या भरात झाकली जाऊ नये. हा उद्योग चढउतारांचा आहे. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळ विभागातील सुमारे १,९०० आणि फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० नोकऱ्या कमी केल्या. अनुभवी माणसे बाजारात आली की नवख्याची वाट अरुंद होते. नोकरीवर व्हिसा अवलंबून असेल तर नोकरी जाताच देशही सोडावा लागू शकतो. म्हणून थेट परदेशी उडी घेण्यापेक्षा पुणे, मुंबई, बंगळूर किंवा हैदराबाद येथे दोन-तीन वर्षे काम करून, एखादा खेळ पूर्ण होऊन लोकांच्या हातात गेल्याचा अनुभव घेऊन अर्ज करणे शहाणपणाचे. ‘पूर्ण केलेला खेळ’ हे या क्षेत्रातील सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे. संगणकशास्त्राची पक्की पदवी हाती असेल तर खेळांचा बाजार मंदावला तरी इतर दारे उघडी राहतात. त्यासाठी येथून जवळच रायपूरची एनआयटी आणि नया रायपूरची ट्रिपल आयटी आहे. डिझाइनकडे ओढा असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

सुरुवात करायला मात्र पैसा फारसा लागत नाही. ‘गोडो’ हे खेळ घडवण्याचे साधन आणि ‘ब्लेंडर’ हे त्रिमित आकृत्यांचे साधन दोन्ही पूर्णपणे विनामूल्य आहेत आणि जुन्या संगणकावरही छोटे काम करू देतात. २००९ पासून दरवर्षी भरणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’मध्ये जगभरचे तरुण साधारण ४८ तासांत एक छोटा खेळ पुरा करतात. तसा एक खेळ पुरा करून, त्यात आपला वाटा कोणता, तो तसा का आणि कोठे फसला, हे एका पानावर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहिले की पोर्टफोलिओचे पहिले पान तयार होते.

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या येतात, वर्गखोल्या रंगवल्या जातात. त्याला आणखी एक देणगी जोडता येईल. संगणक, अभियांत्रिकी, चित्रकला किंवा संगीत क्षेत्रांत असलेल्या माजी विद्यार्थ्याने महिन्यातून एक तास व्हिडिओवर शाळेला द्यावा आणि अकरावी-बारावीच्या एका मुलाची किंवा मुलीची सरावाची मुलाखत घ्यावी. प्रश्न तेच तीन. उत्तर चुकले तर हसू नये, नेमके काय चुकले ते सांगावे. पालकांनी घरी एवढेच करावे की मुलाने काही बनवून दाखवले तर ‘गुण किती?’ याआधी ‘यात तू काय केलेस?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. गुरुजनांनी प्रकल्पाच्या वहीत गटाच्या नावाबरोबर प्रत्येकाच्या वाट्याची एक ओळ लिहून घ्यावी.

यातील किती मुले मॉन्ट्रियलला किंवा टोकियोला जातील, हे आज सांगता येणार नाही, आणि तो शाळेच्या यशाचा मापदंडही नाही. जी जाणार नाहीत त्यांनाही कारखान्यात, बँकेत, स्वतःच्या दुकानात कोणापुढे तरी उभे राहून आपल्या कामाचा हिशेब द्यायचाच आहे. तो हिशेब सरळ, नेमका आणि न घाबरता देता यावा, एवढी शिदोरी या शाळेतून प्रत्येकाला मिळो, ही हीरक महोत्सवाच्या निमित्ताने सदिच्छा.